कान देऊन ऐका : गळा एक, गट अनेक



आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. सांगा बरं, तुम्हांला आवाज किती?

"हे काय विचारणं झालं बाई? एकच!" असं तुम्ही म्हणणार. मग जरा आठवून पाहा. शाळेत सकाळी प्रार्थना म्हणता तो आवाज. गणपतीत मंडळाच्या आरतीला टाळ्या पिटत लावता तो आवाज. न्हाणीघराचं दार लावून, बादलीवर ठेका धरून गाता तो आवाज. आणि घरी पाहुणे आल्यावर आई म्हणते, "म्हणून दाखव ना ते गाणं," तेव्हा जो बाहेर पडतो, किंवा पडतच नाही, तो आवाज! गळा तोच, गाणारा तोच. मग आरतीत आख्खी गल्ली दणाणून सोडणारा वाघ पाहुण्यांपुढे मांजर का होतो?

कारण त्याच्या आजूबाजूची माणसं बदललेली असतात. आपल्याकडे म्हण आहे ना, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' मोठी माणसं ही म्हण बहुतेक वेळा रागावतानाच वापरतात. पण गुण चांगलाही लागतो की! गाण्यात तर तो फार लवकर लागतो. तबला आणि पेटी वाजवणाऱ्यांना आपण 'साथीदार' म्हणतो ते उगीच नाही.

आज ज्या गायकाची गोष्ट सांगणार आहे तो तर एकामागून एक अशा किती तरी साथीदारांबरोबर गायला, आणि दर वेळी वेगळा ऐकू आला. तो रॉक गायक होता. रॉक म्हणजे विजेवर वाजणारी गिटार, खर्जात घुमणारी बास गिटार, ड्रम आणि त्या सगळ्यांना पुरून उरेल असा आवाज. असा चार-पाच जणांचा गट असला की त्याला बँड म्हणतात. वरातीत पुढे चालतो तो बँड नव्हे हं! हा बँड स्वतःची गाणी स्वतःच रचतो आणि स्वतःच गातो.

तुम्ही म्हणाल, इंग्लंड-अमेरिकेतली ही भानगड आपल्याला कशाला? थांबा. आमच्या खोपटच्या एस.टी. स्थानकातून घाटावर जाणाऱ्या गाड्या सुटतात ना, तसंच एखाद्या गाडीनं साताऱ्याच्या बाजूला निघालात, वाई मागं टाकून पसरणीचा घाट चढलात, की पाचगणी येतं. आपली गोष्ट तिथूनच सुरू होते.

पाचगणीचा पियानोवाला

फारुख बलसारा हा पारशी मुलगा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. वडील तिथं नोकरीला. आईवडिलांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी बोटीनं मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात पाठवलं. आठ वर्षांचं पोर, आणि आईवडील समुद्रापलीकडे! तिथंच मित्र त्याला 'फ्रेडी' म्हणू लागले. पुढे सगळ्या जगानं त्याला ओळखलं ते फ्रेडी मर्क्युरी या नावानं.

फ्रेडीच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. मुलं चिडवायची. (चिडवणारी मुलं सगळ्याच शाळांत असतात, नाही का?) पण पियानोपुढे बसला की चिडवणारेही गप्प होत. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, असं त्याचे शाळासोबती सांगत. सुट्टीत तो मुंबईला मावशीकडे असायचा. तेव्हा लता मंगेशकरांची गाणी त्याच्या कानावर पडली आणि ती त्याला आवडत, असंही त्याच्याबद्दल लिहिलेलं आहे.

बारा वर्षांचा असताना त्यानं चार मित्रांबरोबर शाळेत एक बँड काढला. नाव 'द हेक्टिक्स'. डेरिक ब्रँच गिटारवर, व्हिक्टरी राणा ड्रमवर. फरांग इराणीकडे बास होती, पण ती कसली? चहाच्या खोक्याला काठी आणि तार जोडून केलेली! आता सांगा, मुख्य गायक कोण असेल?

"फ्रेडी!"

नाही. मुख्य गायक होता ब्रूस मरे नावाचा मुलगा. जगातल्या नामवंत रॉक गायकांत ज्याचं नाव घेतात तो फ्रेडी आपल्या पहिल्या बँडमध्ये मागं बसून पियानो वाजवत होता आणि गाण्याला मागून साथ देत होता. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड अशा त्या वेळच्या लाडक्या गायकांची गाणी ही पोरं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची.

हेक्टिक्सच्या मुलांचं पुढं काय झालं, तेही मोठं गमतीचं आहे. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला. डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये अभिनेता झाला. फरांग इराणीनं पुण्यात हॉटेल काढलं. पाचगणीत त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं की यातला जगभर गाजणारा गायक म्हणजे तो मागं बसलेला, दात पुढे आलेला मुलगा.

तीन गट, एक वर्ष

१९६३ साली फ्रेडी झांझिबारला परत गेला. पुढच्याच वर्षी तिथं क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला बेट सोडून इंग्लंडला जावं लागलं. सतरा वर्षांचा मुलगा, नवा देश, कडाक्याची थंडी. तो लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात चित्रकला आणि आरेखन शिकला. तिथं त्याला टिम स्टाफेल हा मित्र भेटला. टिम 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये गायचा. त्या बँडमध्ये गिटारवर ब्रायन मे आणि ड्रमवर रॉजर टेलर. फ्रेडी त्यांच्या कार्यक्रमांना जायचा आणि "तुम्ही असं उभं राहा, असे कपडे घाला," असे सल्ले द्यायचा. पण त्या बँडला गायक होता. याला जागा नव्हती.

मग फ्रेडीनं दुसरे बँड शोधले. १९६९च्या उन्हाळ्यात तो 'आयबेक्स' या लिव्हरपूलच्या बँडमध्ये शिरला, आणि या वेळी मुख्य गायक म्हणून. त्याला ते नाव आवडेना. मग त्यानं काय केलं माहीत आहे? एकेकाला फोन करून सांगितलं, "बाकीच्यांची नवीन नावाला हरकत नाही, तुझी आहे का?" असं प्रत्येकाला सांगितलं आणि बँडचं नाव 'रेकेज' करून टाकलं! त्याचे तेव्हाचे सोबती ही आठवण हसत सांगत. (तुम्ही हा प्रयोग घरी करू नका. आई आणि बाबा एकमेकांना लगेच विचारतात.)

रेकेज थोड्याच महिन्यांत संपला. १९७०च्या सुरुवातीला वर्तमानपत्रातली 'गायक पाहिजे' ही जाहिरात वाचून तो 'सावर मिल्क सी' या तिसऱ्या बँडमध्ये गेला. तोही दोनेक महिन्यांतच मोडला.

या काळातला त्याचा आवाज कसा होता? १९६९च्या सप्टेंबरमध्ये आयबेक्सनं लिव्हरपूलच्या एका छोट्या क्लबात कार्यक्रम केला, त्याचं ध्वनिमुद्रण सापडलेलं आहे. ते मी ऐकलं. आवाजात जोर आहे, हौस आहे, पण सूर डगमगतो. वरच्या पट्टीत तो पोचतो, पण तिथं ठरत नाही. मागचे वादक आपले वाजवताहेत, हा आपला गातोय. जणू एका घरात दोन रेडिओ लावलेत! ते ऐकून कुणालाही वाटलं असतं, मुलगा बरा गातो. त्यापलीकडे काही नाही.

२०१८ साली फ्रेडीवर इंग्रजी चित्रपट आला होता. तुमच्यापैकी काहींच्या दादा-ताईंनी तो पाहिला असेल. त्यात हे मधले तीन बँड गाळलेलेच आहेत. फ्रेडी येतो, गातो आणि लगेच जमतं, असं दिसतं. मला वाटतं, गोष्टीतला तुमच्या उपयोगाचा भाग नेमका तिथंच गळून पडला. कारण फ्रेडीला लगेच काहीच जमलं नव्हतं.

चौघांचं घर

१९७० साली टिम स्टाफेल स्माइल सोडून गेला. ब्रायन आणि रॉजर गायकाविना राहिले. फ्रेडी तयारच होता! बँडचं नाव त्यानं ठेवलं 'क्वीन'. १९७१ साली जॉन डीकन बास वाजवायला आला आणि चौकडी पुरी झाली. बँडचं बोधचिन्हही फ्रेडीनंच काढलं. चित्रकला शिकलेली वाया गेली नाही.

आता या तिघांकडे बघा. ब्रायन हुशार विद्यार्थी, खगोलशास्त्राचा. त्याची गिटारसुद्धा दुकानातली नव्हती. वडिलांच्या मदतीनं, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून त्यानं ती घरी बनवली होती. (बँडमुळे अर्धवट राहिलेली डॉक्टरेट त्यानं २००७ साली, साठीच्या घरात पुरी केली!) रॉजर दातांचा डॉक्टर व्हायला निघालेला. जॉन विजेच्या उपकरणांतला जाणकार, बोलायला कमी. चौघंही गाणी रचणारे. चौघांची मतं वेगळी आणि भांडणं पुष्कळ. कुणी काही आणलं की बाकीचे तिघं म्हणणार, "हे चालणार नाही," "हे लांब आहे," "हे पुन्हा कर."

आणि इथं फ्रेडीचा आवाज पालटला. १९७५ साली आलेलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं घ्या. रचना फ्रेडीची. जवळजवळ सहा मिनिटांचं. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी लागायची तो काळ. "इतकं लांब कोण लावणार?" असं जाणकार म्हणाले. ते गाणं इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याच्या मधल्या भागात नाटकातल्यासारखा मोठा समूह गातो आहे असं वाटतं. तिथं माणसं किती असतील? पन्नास? शंभर?

फक्त तीन! फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. तिघांनी दिवसच्या दिवस गाऊन आपलेच आवाज एकावर एक चढवले. साडीवर निऱ्या घालतो तसे थरावर थर. ध्वनिफीत इतक्या वेळा फिरवली की ती झिजून आरपार दिसायला लागली, असं ब्रायन सांगतो. आणि त्यातला सगळ्यांत वरचा, शिट्टीसारखा टिपेचा सूर आहे ना, तो फ्रेडीचा नाही. तो ड्रम वाजवणाऱ्या रॉजरचा आहे!

म्हणजे बघा हं. आयबेक्समध्ये फ्रेडीलाच वर-खाली सगळीकडे धावावं लागत होतं. क्वीनमध्ये सर्वांत वर जायला रॉजर होता, मधली जागा भरायला ब्रायन होता. मग फ्रेडीला हवं तिथं हळू गाता आलं, थांबता आलं. हळू गायलेला सूरही लांबवर पोचतो, हे त्याला इथं उमगलं असावं. ज्याच्या शेजारी भरवशाची माणसं असतात त्याला ओरडावं लागत नाही.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला. समोर सुमारे ७२,००० माणसं. क्वीनला मिळाली वीस-एकवीस मिनिटं. त्यांनी आधी कसून तालीम केली होती. फ्रेडीनं नुसते आलाप घेतले आणि मैदानानं ते परत म्हटले. आपले कीर्तनकार लोकांकडून म्हणवून घेतात ना, अगदी तसं! आणि ज्या गाण्याला सगळ्या मैदानानं दोन्ही हात उंचावून एका वेळी टाळ्या दिल्या, ते 'रेडिओ गा गा' होतं. ते गाणं रॉजरनं रचलेलं. टाळ्या फ्रेडीला, गाणं रॉजरचं! बँड म्हणजे हेच.

एकट्याची तबकडी

त्याच १९८५ साली फ्रेडीनं एक वेगळी गोष्ट करून पाहिली. क्वीन न सोडता त्यानं एकट्याच्या नावावर गाण्यांची तबकडी काढली, 'मिस्टर बॅड गाय'. आता अडवणारं कुणी नाही. सगळी गाणी आपली, सगळे निर्णय आपले. आवाज तर तेव्हा ऐन भरात होता.

मग ती तबकडी क्वीनपेक्षा सरस झाली का? तुम्हीच ठरवा, कारण इथं एक नामी सोय आहे. दहा वर्षांनी, १९९५ साली, म्हणजे फ्रेडी गेल्यानंतर चार वर्षांनी, ब्रायन, रॉजर आणि जॉन यांनी त्या तबकडीतली दोन गाणी घेतली. फ्रेडीचा आवाज ठेवला आणि त्याच्यामागची साथ काढून आपली साथ घातली. 'मेड इन हेवन' या क्वीनच्या तबकडीत ती आहेत. गाणं तेच, चाल तीच, आवाज तोच. बदलली फक्त साथ!

दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात तालयंत्राचा नाचरा ठेका आहे. सगळं चकचकीत, आणि फ्रेडी एकटा, अगदी समोर. दुसऱ्यात ब्रायनची गिटार त्याच्या ओळ संपण्याची वाट बघते आणि मग उत्तर देते. रॉजरचे ड्रम जिथं आवाज चढतो तिथं खालून टेकू देतात. ऐकताना वाटतं, फ्रेडी आता जास्त जोरात गातोय. पण तो तर त्याच दिवशी, तसाच गायलेला आहे! बदल आपल्या कानात झालाय. साथ बदलली की आवाजाची उंचीसुद्धा बदलल्यासारखी वाटते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

काहींना पहिलं आवडेल, काहींना दुसरं. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण. फक्त 'का आवडलं' ते सांगता आलं पाहिजे.

बार्सिलोनाच्या बाई

माँतसेरात काबाये या स्पेनमधल्या बार्सिलोना शहरातल्या थोर ऑपेरा गायिका. ऑपेरा म्हणजे युरोपातलं संगीत नाटक समजा. फ्रेडी त्यांच्या आवाजाचा निस्सीम भक्त होता. १९८७ साली दोघं भेटले आणि मिळून गाणी करायची ठरली. १९८८ साली 'बार्सिलोना' ही त्यांची तबकडी आली.

आता फ्रेडीची पंचाईत बघा. ऑपेरा गायक ध्वनिक्षेपकाशिवाय आख्खं नाट्यगृह भरून टाकतात. अशा बाईंशेजारी रॉक गायकानं उभं राहायचं कसं? बाईंना चाल समजावी म्हणून फ्रेडीनं बाईंच्या ओळीसुद्धा स्वतः बारीक, उंच आवाजात गाऊन ध्वनिमुद्रित केल्या. आणि स्वतःच्या वाट्याला आलेल्या ओळी? त्या ऐका. क्वीनमधली खरखर, हुंकार, मिस्कीलपणा त्यानं बाजूला ठेवला. सूर लांब, सरळ, गोल. एखाद्या मोठ्या गुरूसमोर आपण आपोआप पाठ ताठ करून बसतो ना, तसा त्याचा आवाज पाठ ताठ करून बसला आहे!

चाळिशी ओलांडलेला, जगप्रसिद्ध माणूस. काही नवं शिकायची त्याला गरज होती का? पण शेजारी आपल्यापेक्षा मोठं कुणी असलं की आपण जरा वर बघतो, आणि वर बघितलं की उंची वाढते.

अर्धं राहिलेलं गाणं

पुढचा भाग जरा हळवा आहे. फ्रेडीला एड्स झाला. तेव्हा त्या आजारावर आजच्यासारखे औषधोपचार नव्हते. चालायची ताकद कमी झाली तरी तो गात राहिला. १९८९ सालच्या तबकडीपासून चौघांनी एक ठरवलं होतं. कुठलंही गाणं कुणीही सुचवलेलं असो, खाली एकट्याचं नाव घालायचं नाही, 'क्वीन' एवढंच लिहायचं. तोवर कुणाचं गाणं निवडायचं यावरून त्यांच्यात पुष्कळ वाद झाले होते. ते मिटले.

१९९१ साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्र गावी तो सोबत्यांना म्हणायचा, मला गायला द्या, जमेल तितकं गाऊन ठेवतो, उरलेलं तुम्ही नंतर पुरं करा. 'मदर लव्ह' हे त्यानं गायलेलं शेवटचं गाणं. शेवटचं कडवं गायचं राहिलं. "थकलोय, परत येऊन गाईन," म्हणाला. ते काही झालं नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

मग ते शेवटचं कडवं ब्रायननं गायलं. ब्रायनचा आवाज साधा आहे. फ्रेडीसारखं गाण्याचा आवही त्यानं आणलेला नाही. आपल्या मित्राचं राहिलेलं काम एखाद्यानं मुकाट्यानं उरकावं, तसा तो गातो. पाचगणीत फ्रेडीनं दुसऱ्याच्या गाण्याला मागून साथ दिली होती, आणि शेवटी त्याचं गाणं साथीदारानं पुरं केलं.

पुढं क्वीनबरोबर पॉल रॉजर्स आणि नंतर अ‍ॅडम लॅम्बर्ट हे गायक गायले. पण कार्यक्रमाच्या फलकावर 'क्वीन अधिक पॉल रॉजर्स', 'क्वीन अधिक अ‍ॅडम लॅम्बर्ट' असं बेरजेचं चिन्ह घालून लिहिलं जायचं. वजाबाकी करून कुणाला फ्रेडीच्या जागी बसवलं नाही.

आता आपल्या वर्गात या

हे सगळं आज का सांगितलं? स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की एक प्रश्न दर वर्षी येतो. "बाई, मला पुढे उभं करा ना!" आणि त्याहून वाईट म्हणजे जो प्रश्न येतच नाही, ज्याचं मूल मागच्या रांगेत ओठ मिटून उभं असतं.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. वाचायला उठवलं तर तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. वर्गातल्या मुलांनी ठरवूनच टाकलं होतं, हिला गाता येत नाही. एकदा एकादशीला मी देवळात गेले, तर ही आजोबांच्या भजनी मंडळात टाळ घेऊन बसलेली, आणि आजोबांच्या मागोमाग असा काही खणखणीत सूर लावतेय की मी चप्पल काढायचीच विसरले! गळा तोच हो. पण तिथं कुणी तिच्याकडे टकमका बघत नव्हतं. चहूबाजूंनी तिचीच माणसं गात होती.

मग समूहगीतात तिला मोठ्या आवाजाच्या दोन मुलींच्या मधोमध उभं केलं आणि हातात टाळ दिले. पहिले दोन दिवस नुसतेच टाळ वाजले. तिसऱ्या दिवशी धृपदाला तिचे ओठ हलले. आता धृपद ती गाते, कडव्यांना अजून गप्प असते. कडवीही येतील, किंवा नाही येणार. पण 'हिला गाता येत नाही' हे वाक्य आमच्या वर्गात आता कुणी बोलत नाही.

म्हणून दोस्तांनो, एका गटात आपलं जमलं नाही तर 'मला येतच नाही' असा शिक्का स्वतःवर मारू नका. आणि शेजारच्यावर तर मुळीच मारू नका. कोण जाणे, त्याचा क्वीन अजून त्याला भेटला नसेल! आणि एक उलट प्रश्नही स्वतःला विचारा. मी ज्याच्या शेजारी उभा राहतो, त्याचा आवाज माझ्यामुळे मोठा होतो की बारीक?

पालकांसाठी चारच ओळी. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा पाहून मुलाला एकट्याला माइकपुढे उभं करायची घाई होते. करा हवं तर. पण त्याआधी त्याला चार जणांत गाऊ द्या. जिथं त्याला "हे पुन्हा म्हण" असं सांगणारं कुणी असेल आणि "आता तू म्हण, मी साथ देतो" असं म्हणणारंही कुणी असेल, अशा जागी.

या आठवड्याचा उद्योग

१. आईबाबांच्या फोनवर 'मिस्टर बॅड गाय' आणि 'मेड इन हेवन' या दोन्ही तबकड्यांतलं 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' हे गाणं लागोपाठ ऐका. वहीत दोन रकाने आखा आणि फरक लिहा. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी चालेल, कानांना भाषा लागत नाही.

२. आजी-आजोबांना विचारा : भीमसेन जोशींचा ख्याल आणि त्यांचेच अभंग, यांत मागची वाद्यं कोणती बदलतात? आशा भोसले ओ. पी. नय्यर यांच्याकडे कशा गायल्या आणि हृदयनाथ मंगेशकरांकडे कशा? आजी-आजोबांचं एकमत होणार नाही. भांडण मन लावून ऐका, त्यातच उत्तर आहे.

३. एकच कविता तीन प्रकारे म्हणा : एकट्यानं, मित्राबरोबर आणि सगळ्या घराबरोबर. ती फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि डोळे मिटून ऐका. तुमचे आवाज किती, ते मोजा आणि मला पत्रानं कळवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर कान उघडे ठेवा!

तुमच्या बाई,
खोपट, ठाणे